ओल्या फडक्याचे रंग

टेकडीत कोरलेल्या पाचव्या खोलीची किल्ली एकतीस वर्षं मिशीकाकांच्या कमरेला होती. हुद्दा चौकीदाराचा, पण दिमाख असा की खोली जणू त्यांनीच कोरली. आत भिंतभर प्राचीन चित्र होतं: होडीत बसलेली बाई आणि मागे वल्हं मारणारा तिचा नवरा. रंग पार विटलेले. पण काकांकडे एक युक्ती होती, आधीच्या चौकीदारानं जाताना शिकवलेली. पाहुणे आले की फडकं बादलीत बुडवायचं, पिळायचं आणि चित्रावरून हलकेच फिरवायचं. ओल लागली की बाईचे गाल तरारायचे, वस्त्र हिरवंगार व्हायचं. पाहुणे आ वासून बघत राहायचे. पाच मिनिटांत भिंत सुकायची, बाई पुन्हा फिकट.

"दमली बिचारी," काका म्हणायचे.

मग पर्यटन वाढवायचं ठरलं. टेकडीपर्यंत रस्ता आला, तिकीटखिडकी आली, फलक आले. बारापैकी सहाच खोल्या पाहुण्यांना दाखवायच्या होत्या. पाचवी त्यांत येते का, यावर काकांचा जीव टांगणीला लागला. त्यांची लेक नुकतीच मार्गदर्शकाची परीक्षा पास झाली होती आणि याच खोलीत उभं राहायचं तिनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

तपासणीच्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, मिशीला तेल जरा बेतानं. तपासनीस बाई घसरायच्या."

"तू बघच. बाई यादीत पहिलं नाव आपल्या खोलीचं लिहितात की नाही!"

तपासनीस बाई दिवा घेऊन भिंतीजवळ वाकल्या होत्या. त्यांना चकित करायला काकांनी फडकं पिळलं आणि चित्रावरून फिरवलं.

"अहो, थांबा! काय करताय?"

बाईंनी फडकं काकांच्या हातातून घेऊन उजेडात धरलं. त्यावर नखाएवढी हिरवी खपली होती.

"हे रोज करता?"

"रोज नाही," काका चाचरत म्हणाले. "सोमवारी सुट्टी असते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक काळा-पांढरा फोटो काढला, काका नोकरीला लागले त्या सालचा. त्यात वल्हं मारणाऱ्या नवऱ्याला चेहरा होता. नाक, डोळे, ओठांवरचं हसूसुद्धा. काकांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं नुसता गिलावा. चेहरा वयानं गेला, असं ते सगळ्यांना सांगत आले होते.

"पाणी मुरतं, गिलावा फुगतो, रंग सुटतो," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगायला वर कोण येत होतं, बाई?"

पाचवी खोली यादीत आली नाही. दाराला नवं कुलूप लागलं, लेकीला तिकीटखिडकीत बसवलं. त्याच संध्याकाळी तिनं बादली घरामागे नेऊन पालथी घातली.

बंद दाराबाहेर चित्राची प्रत लावायची ठरली. चित्रकार संगणकावर रंग भरत होता, शेजारी लेक. काकांना मुद्दाम बोलावून घेतलं.

"काका, वस्त्राचा हिरवा असा?"

"अजून गडद. नुकत्या धुतलेल्या पानासारखा."

"हा ओला असतानाचा झाला. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा सुका कसा होता?"

काकांनी पुष्कळ आठवून पाहिलं. एकतीस वर्षं चित्रातली बाई डोळ्यांसमोर होती, पण ती सुकली की ते पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत असायचे.

"बाबा?" लेकीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नवऱ्याचा चेहरा फोटोवरून घ्या," काका म्हणाले. "तेवढा नीट काढा. बाकी मला काही विचारू नका."