गोठ्यापासून दारापर्यंत

गेल्या वर्षी आई दुधाची किटली घेऊन येताना गोठ्यासमोरच्या चिखलात घसरली आणि तिचा हात मोडला. म्हणून यंदा सुट्टीत मी आणि पप्पांनी गोठ्यापासून दारापर्यंत स्वतःच पेव्हर ब्लॉक बसवले! खडी टाकून धुमसानं ठोकली, वर बारीक कच पसरली, दोरी लावून एकेक ब्लॉक बसवला आणि फटीत वाळू झाडून भरली. चार दिवसांत कंबरेचं काम तमाम झालं, पण वाट नादखुळा झाली की!

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर आई किटली घेऊन ब्लॉकच्या कडंनं, चिखलातनंच चाललीया!

"अगं आई, वरनं चाल की!"

"शेणाचं पाय हायत माझं. नवं हाय, घाण हुतंय."

पप्पा ओरडले, "तुझ्यासाठीच घातलंय न्हवं ते?"

"व्हय, म्हणूनच जपतोय."

मग मी गोठ्यात गेलो, दोन्ही पाय शेणात बुडवले आणि ब्लॉकवरनं थेट दारापर्यंत चालत आलो.

"मुडद्या, डोळं फुटलं काय तुझं?" म्हणत आईनं खराटा घेतला आणि ब्लॉकवर उभी राहून सगळी वाट घासली. मग किटली उचलली आणि मला शिव्या घालत घालत ब्लॉकवरनंच घरात गेली.