एकशे छप्पन्न शुक्रवार

डॉक्टर दर्शनाला कुणी ‘बिचारी’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. ती बिचारी नाही. लाज वाटायची असेल तर ती आमच्या मंडळाला वाटावी. दुबईतल्या मराठी नोकरदारांचं हे मंडळ, आणि मी, सदानंद, गेली नऊ वर्षं त्याचा खजिनदार. म्हणजे सगळ्यात आधी मलाच.

दर्शना चिपळूणची, एसटी डेपोतल्या मेकॅनिकची मुलगी. तिच्या एमबीबीएससाठी मंडळाने कर्ज दिलं. अट आमचीच होती. इथे नोकरी लागली की तीन वर्षं दर शुक्रवारी, म्हणजे आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला, रास अल खैमातल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये फुकट तपासायचं. तोवर हप्ता पगाराच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नाही, आणि तीन वर्षं भरली की उरलेलं कर्ज माफ. हे सगळं तोंडी. आपल्याच माणसांत कागद कसले करायचे! तारणाचा चेक मात्र आम्ही न विसरता सही करून घेतला, तारखेची जागा कोरी ठेवून. इथे चेक परत गेला की पोलीस केस होते, हे नुकत्याच विमानातून उतरलेल्या पोरीला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं.

जानेवारी २००७ पासून ती जायला लागली. सकाळी दुबईतल्या अल मनखूलहून टॅक्सी वाटून घ्यायची आणि दीड तासाने कॅम्पात. टाइल्सच्या कारखान्यातली कोकणातली माणसं खोकत रांगेत उभी असायची. त्यातला भिवा धुळीने पार पोखरलेला. कंपनीच्या डॉक्टरने त्याला दोन वर्षं नुसतं खोकल्याचं औषध पाजलं होतं. दर्शनाने भांडून त्याचा एक्स-रे काढायला लावला, भट्टीवरून हलवून त्याला गेटवर बसवलं. तिने एकही शुक्रवार चुकवला नाही. गावी जायची तीसुद्धा शनिवारी, आणि गुरुवारी परत.

मग बाजार कोसळला. २००९ च्या जानेवारीअखेर दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये मंडळाची सभा झाली. अध्यक्ष सुजीत, बिल्डिंगा विकणारा. त्याच्याच कंपनीत मी अकाउंटंट आणि माझा व्हिसाही त्याच्याच हातात.

“मार्केट बघताय ना सगळे? माफी वगैरे आता खलास. फंड रिकव्हर करायलाच लागेल,” तो म्हणाला. “दर्शना, बॅलन्स बेचाळीस हजार दिरहम. म्हणजे साडेपाच लाख रुपये. फिफ्टीन डेज.”

तिच्या क्लिनिकने पगार चाळीस टक्के कापला होता. ती उभी राहिली.

“माझे अकरा महिने राहिलेत. मी ते पूर्ण करणार आहे. तुमचा शब्द होता.”

“रिटनमध्ये आहे का कुठे?”

हॉलमध्ये साठ माणसं होती. सगळ्यांनी तो शब्द ऐकला होता, काहींनी तर टाळ्याही वाजवल्या होत्या. एकानेही उठून तसं सांगितलं नाही. मीही माना खाली घालणाऱ्यांतलाच.

सोळाव्या दिवशी सुजीतने मला केबिनमध्ये बोलावून चेक पुढे सरकवला. “डेट टाका, सदानंदजी.” मी टाकली. मला दोन मुलांची फी दिसत होती, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं तर मी घाबरट आहे.

चेक परत आला. तिचा पासपोर्ट पोलिसांनी ठेवून घेतला. तिच्या भावाने रिक्षा विकली. क्लिनिकची नर्स खतीजा, केरळची, जिचा आमच्या मंडळाशी कसलाच संबंध नाही, तिने आपली भिशीची उचल दर्शनाच्या हातावर ठेवली. बाकीचे दर्शनाने क्लिनिकच्या मालकाकडून पगारापोटी उचलले. दोन महिन्यांत पूर्ण बेचाळीस हजार आमच्या खात्यात जमा झाले. सुजीत म्हणाला, “बघितलंत? प्रेशर टाकलं की निघतात पैसे.”

आता ती कशाला जाईल कॅम्पात? मी तरी गेलो नसतो. शुक्रवारी न राहवून मी रास अल खैमाला गेलो, तर ती भिवाच्या छातीला नळी लावून बसलेली.

“डॉक्टरीणबाय, फुडच्या शुक्रवारी येतलास मां?” तो विचारत होता.

“येणार,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “काका, चेकवरची तारीख तुमच्या अक्षरात होती.” एवढंच बोलून तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

डिसेंबर संपला तशी ती माझ्या घरी आली. हातात रजिस्टर, एकशे छप्पन्न शुक्रवार, प्रत्येक पानावर तपासलेल्या माणसांच्या सह्या आणि अंगठे. “काका, तीन वर्षं भरली. माझं कर्ज माफ झालंय. बेचाळीस हजार परत द्या.”

तिने भीक मागितली नव्हती. हिशोबाने तिचंच होतं ते. मी सभेत ठराव मांडला. बाजूने एकच हात वर झाला, माझा. सुजीतने ‘नेक्स्ट आयटम’ म्हटलं आणि चहा आला.

काल मंडळाचा वार्षिक अहवाल छापायला जाण्याआधी माझ्याकडे आला. जमेच्या बाजूला लिहिलंय: ‘डॉ. दर्शना यांच्याकडून मंडळास सप्रेम देणगी, दिरहम ४२,०००.’

सप्रेम! खाली खजिनदाराच्या सहीची जागा आहे. सुजीतचे सकाळपासून चार फोन येऊन गेले. व्हिसा रद्द करायचा तर खुशाल कर, असं मी त्याला पाचव्या फोनला सांगितलं, आणि अहवालातली ती ओळ खोडून तिथे लिहिलं: ‘डॉ. दर्शना यांना मंडळाकडून देणे.’ मग सही केली.