रिकाम्या बरणीसोबत चंडीगड

गावात विहीर खणताना खोल काळ्या चिखलात हजारो वर्षं गाडलेला ओंडका लागला. त्यात कोणते जीवाणू राहतात ते ओळखायला मी चंडीगडला निघाले. विहीर बांधून झाली, ओंडकाही संपला. उरलेल्या एका तुकड्यावर माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं राहायचं होतं. रत्नागिरीहून थेट गाडी आहे, पण रोज नाही. आधी बघून घ्या.

सोबत बर्फात दोन पांढऱ्या बरण्या. एकीत लाकूड, दुसरीत नुसतं निर्जंतुक पाणी, विहिरीपाशी उघडून बंद केलेलं. हाताचे, हवेचे जंतू दोन्हींत येणार. म्हणून जे फक्त पहिलीत सापडतील तेच लाकडाचे. दुसऱ्या बरणीकडे बोट दाखवून शेजारच्या सरदारजींनी विचारलं, "इसमें क्या है जी?" म्हटलं, "कुछ नहीं." त्यांना काही ते पटलं नाही.

भाऊजी हवाई दलात, म्हणून ताई सध्या चंडीगडला. स्टेशनवरून ऑटो ॲपवरच करा, बाहेर अव्वाच्या सव्वा सांगतात. रस्ते रुंद, चौक सगळे सारखे. मी भलत्याच सेक्टरात उतरले. भाची म्हणाली, "मावशी, इसमें कीड़े हैं क्या?" लाकडाला कुणी हात लावायचा नाही, असं बजावून दोन्ही बरण्या फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी ताईनेच त्या बर्फात गुंडाळून दिल्या. नाश्त्याला कुलचे-छोले खा, दुपारचं जेवण वाचतं.

चंडीगडला लागूनच असलेल्या मोहालीच्या प्रयोगशाळेत तपासणी करणारा वैभव मूळचा लातूरचा. त्याने दुसरी बरणी उघडली आणि माझ्यापुढे धरली. आत लसणाची चटणी.

ताईला फोन लावला. "अगं, नुसतं पाणी तर होतं! ओतलं, बरणी धुतली, भरली. तूच म्हणालीस ना मुलगा लातूरचा आहे. राजमा खाऊन कंटाळला असेल बिचारा."

मला इतका राग आला की फोनच ठेवून दिला.

"नावं कळतील, मॅडम," वैभव म्हणाला, "पण त्यातलं लाकडातलं कोण नि तुमच्या हातावरचं कोण, ते पक्कं नाही सांगता येणार." मग हळूच, "चटणी ठेवू ना?"

ठेव म्हटलं. सुखना तलावावर जाऊन आले, फारसं लक्ष लागलं नाही. सकाळी जा, संध्याकाळी फार गर्दी.

घरी परतल्यावर प्रयोगशाळेकडून जंतूंची यादी आली, चांगली लांबलचक. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी ती वाचली आणि ते प्रकरण काढून टाकायला सांगितलं. त्याच दिवशी ताईचा फोन.

"सापडले का गं तुझे जंतू?"

"सापडले. पुष्कळ."

"बघ! उगाच चिडलीस माझ्यावर."

"हो गं," म्हटलं, आणि भाचीची शाळा कशी चाललीय ते विचारलं.