आयचं माडगं

"हुलगं बैलं खात्यात गं बाई, माणसं न्हाई." असं म्हणून काकींनी आयच्या हातातली किटली घेतली आन् सगळं हुलग्याचं माडगं म्हशीच्या घमेल्यात ओतलं. म्हशीनं हुंगलं, तोंड फिरवलं. ओट्यावरच्या शेजारणी खिदळल्या. आयसुद्धा कसनुसं हसली. मी दारात उभी होते. अंगात कणकण, नाक चोंदलेलं, आन् पोटात भुकेचा आगडोंब.

आम्ही धनगर. त्या वर्षी मी दौंडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. काकी म्हणजे रानमालकीण; त्यांचं रान दौंडच्या कडेला. दर हिवाळ्यात बाची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. लेंड्यांनी रान कसं तरारून येतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बदल्यात रानमालकानं धान्य द्यायचं, ही रीत. त्या साली बानं धान्य मागितलं नाही. म्हणला, "पोरीला राहायला कोपरा द्या. कॉलेज करती." कोपरा मिळाला. गोठ्याला लागून, पेंडीच्या पोत्यांजवळ.

थंडीत पडसं झालं. आडवीच झाले. काकी सकाळची भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवून जायच्या. ती घशाखाली उतरेना. वाईच गरम पाणी मागितलं तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी चूल पेटवू का आता?" घरात आजारी पडलं की माणूस कसं लाडावतं. इथं शिंक आली तरी मी तोंडात पदर कोंबायची.

आयला कळलं तशी ती रानातनं चालत आली. हुलगं भाजून, दळून, लसूण-जिरं ठेचून माडगं केलेलं. पडशाला त्यासारखं औषध न्हाई. पिताना नाकाडोळ्यांतनं पाणी वाहतं आन् छाती मोकळी होते. वाटेत ते निवलं होतं. आय अंगणातच थांबली, म्हणाली, "वैनी, तेवढं ऊन करून देता का? पोरीला लई बरं वाटतं ह्यानं."

"किटलीला मेंढराचा वास मारतोय. माझ्या गॅसवर न्हाई ठेवायची," काकी म्हणाल्या. आन् मग ते घमेलं.

आयनं रिकामी किटली पदरानं पुसली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गप ऱ्हा बाय. तुझं शिक्षान हाय. गिळ."

आजवर गिळतच आले होते. त्या दिवशी घसाच बसला होता, गिळता येईना. लांबवर बाची मेंढरं दिसत होती, त्यांच्या रानात. लेंड्यांचा वास येत नाही काय ह्यांना? मेंढरामागं हिंडणाऱ्या बाईचा तेवढा येतो!

मी बसक्या आवाजात विचारलं, "काकी, आमच्या लेंड्यावर पिकलेला गहू खाताना वास येत न्हाई का?"

"लई शिकलीस गं! जीभ बघा कशी चालतीया."

मी ट्रंक उचलली. आय मागनं "नगं बाय, नगं बाय" करत रडत आली. रानात बाला म्हणलं, "वाघर काढा." वाघर म्हंजी मेंढरांभोवतीचं जाळं.

बा म्हणला, "आर्ध्या रानात मेंढरं बसायची राह्यलीत. बोली झालीया, पोरी. धनगर बोली मोडत न्हाई."

"बोली त्यांनी मोडली. आयचं अन्न म्हशीम्होरं वतलं."

मीच खुंट्या उपटायला लागले. नाक वाहत होतं, पुसायला सवड नव्हती. शेवटी बानं मेंढरांना शीळ घातली.

कॉलेज सुटलं. दुसरा कोपरा कुणी दिला नाही. आन् आय? माझ्या माडग्यानं पोरीचं शिक्षण बुडलं, हेच तिच्या मनानं घेतलं. लाख सांगितलं, पटलं नाही. मला परत कितीही पडसं होवो, तिनं हुलगं कधी भाजलं नाही. चहा करून द्यायची आन् तोंड फिरवून बसायची. तशीच गेली बिचारी. तो सल माझा जीव घेतो.

म्हणून सांगते. माझं शिक्षण माझ्या आयनं नाही बुडवलं. ज्यांना आमचं खत पाहिजे आन् आमचं माणूस नको, त्यांनी बुडवलं. मी कुणाच्या उंबऱ्याबाहेरचं शिक्षण घेणार नाही, माझ्या पोरींना घेऊ देणार नाही. दार उघडायचं तर सताड उघडा. न्हाईतर तुमचं रान तुम्हांला लखलाभ.