एनिडनं घासलेली कपार

एनिड हॅलिवेलला स्वस्थ बसता येत नाही. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्यानं काढली, आता निवृत्त झाली तरी चहा उभ्यानंच पिते. लँकाशायरच्या या गावात गेली बावीस वर्षं मी तिची शेजारीण आहे. दर रविवारी दगडाच्या जुन्या खाणीत ती कडा चढते आणि खाली तिचा दोर मी धरते. म्हणजे तिचा जीव माझ्या हातात, तरी बोलणी मीच खाते.

खाणीच्या डाव्या भिंतीवरची चढायची एक वाट कुणालाच जमली नव्हती. एनिड अकरा वर्षं तिच्यामागे हात धुऊन लागली होती. यंदा घाई होती. मेअखेर उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं, नंतर हात डोक्यावर जायचा नाही.

म्हणून फेब्रुवारीत ती वरून दोरावर लटकली आणि वाटेतली अरुंद कपार साफ करू लागली. दगड वाळूचा, मऊ, तेव्हा तारेचा ब्रश चालत नाही, घरातलाच मऊ ब्रश घेतला. गवत उपटलं, माती काढली, बोटांना धरायला कड मोकळी केली. दोन रविवार त्यात गेले.

मार्चमध्ये त्याच कपारीत बहिरी ससाण्याची जोडी येऊन बसली.

इतकी वर्षं ती समोरच्या भिंतीवर अंडी घालायची. पण ही जागा कोरडी, मोकळी, खाली बारीक वाळू, सोडतात कशाला? एनिडनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्यात ‘घरटं आहे, जूनअखेरपर्यंत चढू नये’ ही पाटी दरवर्षी लावणारी तीच.

“पाटी दहा पावलं सरकव की,” आमच्याबरोबर चढायला येणारा नॉर्मन म्हणाला. नळदुरुस्ती करतो, सल्ले फुकट देतो. “कोण मोजायला येतंय?”

“ती येईल. वर बसलीय ती.”

“अगं, तिला वाचता येतं का?”

“तुला तरी कुठं येतं? गेल्या वर्षी पाटीला टेकूनच सँडविच हाणत होतास.”

पाटी तिनं बरोबर वाटेखाली ठोकली. मग एप्रिलभर, मेभर भिंतीखाली येरझारा. रविवार संपेना आणि दिवस तर भराभर सरत होते. खांदा चोळायची, वर बघायची, माझ्यावर खेकसायची.

शस्त्रक्रियेआधीच्या रविवारी मादी शिकारीला उडाली आणि एनिडनं कमरेला दोर बांधला.

“धर.”

मी धरला. खरं सांगते, मलाही वाटत होतं, चढावं तिनं. खड्ड्यात गेली ती पाखरं. अकरा वर्षं मी मान वर करून बघितली होती.

तिनं दगडावर दोन्ही हात टेकले, एक पाय उचलला. वरून चिरका आवाज आला. पिल्लं भुकेली होती. एनिड तशीच थांबली, पोटरी थरथरायला लागली तरी थांबली. मग पाय खाली घेतला आणि गाठ सोडताना अशा शिव्या दिल्या, की नॉर्मननंसुद्धा टोपी काढली. गाडीत ती रडली. मीही रडले.

जूनमध्ये तीन पिल्लं उडाली. जुलै लागताच एनिड गळ्यात अडकवलेला हात घेऊन आली आणि डाव्या हातानं पाटी उपटली. नॉर्मन वरून दोरावर कपारीपर्यंत उतरला.

“एनिड, इथं नुसती हाडं आणि पिसं! गवतही फुटतंय. राहू दे?” तो ओरडला. “माजलं की पुढच्या वर्षी ती दुसरीकडं जातील. ब्याद टळेल.”

“घासून काढ!”

“आता कशाला? तू थोडीच चढणारेस?”

“माझ्यासाठी कोण म्हणतंय?” एनिड खालून खेकसली. “मार्चमध्ये ती येतील ना, गाढवा!”