गाठीवरचा छत्रीदेव

आमच्या अमरावतीच्या कापूस-गोदामातले किस्से म्हंजे कुत्र्याच्या छत्र्या, बाप्पा! संध्याकाळी काई नसते, सकाळी पाहा तर ढीगभर. साऱ्याईत गोदामाचा मालक गणुशेट असतेच. विलायतेले कापूस पायजे होता, म्हणून त्याची चांदी झाली होती. माणूस दिलदार, पण दुसऱ्याले शाबासकी भेटलेली त्याले सोसत नसे.

एका पावसाळ्यात सरकीच्या ढिगावर छत्र्या उगवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिथं काळंभोर पाणी. मुनीमजीनं शाई सांडली म्हणून शेटनं त्याले दिवसभर झाडलं. सरूबाई, म्हंजे कापूस निवडणाऱ्या बायांची मुकादमीण, म्हणे, "मुनीमजीले काहून बोलता? हे छत्री म्हातारी झाली का सोताच शाई होते."

शेट म्हणे, "मले ठाऊक होतं. मी त्याची परीक्षा घेऊन राहिलो होतो."

कुंपणाजवळच्या वारुळावर दरसाल सात्या येत, म्हंजे खायच्या छत्र्या. शेटनं एकदा ते वारूळ खोदलं. आत मधाच्या पोळ्यासारखं काईतरी, त्यावर पांढरे दाणे. सरूबाईनं सांगतलं, उधई, म्हंजे वाळवी, पालापाचोळा चावून त्यावर आपलं पीक घेते, सात्या त्यातूनच वर येतात. चार दिवसांनी शेट अकोल्याच्या व्यापाऱ्याले सांगत होता, "आमच्या गोदामातली उधई शेती करते. मीच शिकवली."

आता गाठीचं, म्हंजे दाबून बांधलेल्या कापसाच्या गठ्ठ्याचं, ऐका. वजन वाढावं म्हणून शेट गाठीवर पाणी मारे. तपासणीचा गोरा सायेब नवाच आला होता. ओला कापूस सापडला का तो माल जाळे आन् गोदामाले कुलूप लावे. कुलूप लागलं असतं तर आमी सारे उघड्यावर! आन् सायेब यायच्याच दिवशी एका गाठीतून वीतभर पांढरी छत्री निघाली. छत्री म्हंजे ओल्या मालाची साक्षच!

सरूबाईनंच डोकं लावलं. आपल्याकडं जमिनीतून काई निघालं का त्याले कुंकू लागतेच. तिनं छत्रीले कुंकू लावलं, हार घातला, आमाले टाळ्या वाजवाले लावलं. सायेबानं देव पाहून टोपी काढली. गाठीले हात लावाची त्याची हिंमत झाली नाई. मले तर रडूच आलं, वाचलो म्हणून.

जाता जाता सायेब वळला. हिंदुस्थानीत त्यानं इचारलं, या देवाची एवढी सेवा कोण करते? सरूबाईनं हात जोडले, म्हणे आमी गरीब बाया, जमते तशी करतो. सायेबानं तिले शाबासकी देल्ली.

शेटले ते सोसलं नाई. तो पुढं झाला.

"खोटं बोलते हे बाई. पाणी मी घालतो सायेब, रोज, सोताच्या हातानं. आन् याच गाठीले नाई, साऱ्या गाठीईले!"