फाईनच्या पुढचं इंग्रजी

कोणी ‘आय ॲम फाईन’ म्हटलं, की मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, “काहून?”

पोरं गोंधळायची. फाईन असायला कारण लागतं, हे त्यांना कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

पांढरकवड्यात माझ्या टायपिंग क्लासला लागूनच त्यांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग होता. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे माझं इंग्रजीही आपोआप सुधारत गेलं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई व्याकरणाआधी भांडायला शिकवत. “ज्या भाषेत राग सांगता येत नाही, त्या भाषेत मानूस नुसती मान हालवते,” असं त्यांचं म्हणणं. मग एकजण दुकानदार व्हायचा, दुसरा फाटकी छत्री परत करायला यायचा आणि माझ्याकडच्या पोरांची बोटं टायपिंग सोडून थांबायची.

मारेगावकडच्या तांड्यावरची, नर्सिंग झालेली एक मुलगी वर्गात होती. नागपूरला मुलाखत देऊन ती रडतच आली. तिच्या उच्चारांना तिथले एक साहेब हसले होते.

मॅडमनी तिला आधी रडू दिलं. मग विचारलं, “तू काय म्हनली, ते त्याले समजलं होतं काय?”

“हो.”

“कशावरून?”

मुलीनं डोळे पुसले. “त्यायनं पुढचा प्रश्न त्याच्यावरच विचारला.”

“मंग तुझं इंग्रजी पोचलं ना. हसनं त्याचं होतं, ते तू कायले घेऊन आली?”

पुढच्या मुलाखतीत तिला नोकरी लागली. पेढे घेऊन ती वर्गात आली, तेव्हा मीही तिथे होतो. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. हैदराबादहून त्यांची सून. ती तेलुगू, तिला मराठी येत नाही. दोघींत काय ती इंग्रजीच. मॅडम म्हणाल्या, “येस... फाईन... ओके, फाईन,” आणि फोन ठेवला.

मुलीनं हळूच विचारलं, “मॅडम, काहून?”

मॅडमनी हातातला पेढा खाली ठेवला. “पोरगी चांगली आहे. पन मी गेली का खोलीत जाऊन बसते. माझ्यासंग बोलाचंच नाही तिले.”

“बोलाचं नाही, हे कशावरून?”

मॅडमनी तिथेच फोन परत लावला. “आय ॲम नॉट फाईन. यू डोन्ट टॉक टु मी. आय फील बॅड.” बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. फोन ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू.

“सून म्हनते, तुमी इंग्रजीच्या टीचर. माझ्या चुका काढसान, म्हनून भेव वाटते.”

त्यानंतर प्लायवूडपलीकडून स्पीकरवरच्या दुपारच्या गप्पा ऐकू येऊ लागल्या. सुनेचे काळ चुकायचे, क्रियापदं गळायची. मॅडमनी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही.

बाळंतपणाला सुनेनंच बोलावलं, आणि मॅडम वर्ग आवरून निघाल्या. मी बॅगा घेऊन बसस्टँडवर गेलो. खिडकीशी बसून त्यांनी पिशवीतली अंबाडीची जुडी काढली आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली. इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

“गोंगुरा,” फोनमधून आवाज आला.

“गोंगोरा?”

पलीकडे खळखळून हसू. बस हलली, तरी मॅडम तो शब्द घोळवत होत्या, आणि सून पुन्हा पुन्हा सांगत होती.